टेस्ट हिरवी, कमांड मेलेली: शेल स्क्रिप्टमधलं अपयश नेमकं कुठे गायब होतं

शेलमध्ये (म्हणजे टर्मिनलवर टाकलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या भाषेत) टेस्ट लिहायची म्हटलं की बरेच जण नाक मुरडतात, पायथनला पायटेस्ट आहे, जावाला जेयुनिट आहे, मग हे बाबा आदमच्या जमान्यातलं शेल कशाला. पण कमांडलाइनवर चालणारं टूल तपासायचं असेल तर वापरणारा माणूस जसं वापरतो तसंच तपासलेलं बरं, आणि तो ते शेलमधूनच वापरतो. शिवाय "आम्ही शेलमध्ये टेस्ट लिहीतच नाही" म्हणणाऱ्यांच्या सीआयच्या (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) यामल फाइली उघडून बघा, डॉकरफाइल (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं बांधून डॉकरची इमेज बनवायची कृती) बघा, रिलीजची स्क्रिप्ट बघा, आत सगळं शेलच भरलेलं असतं. तर इथे एकच गोष्ट बघायचीय, कमांड फेल झाली तरी टेस्ट पास कशी काय होते, आणि तसं होऊ नये म्हणून काय लिहायचं. उदाहरणं बरीचशी गिटच्या (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) स्वतःच्या टेस्टमधल्या पद्धतींवरून घेतो, कारण त्या लोकांनी या एका गोष्टीवर वर्षानुवर्षं डोकं खपवलंय. (कमांडची नावं इथे देवनागरीतच लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच त्यांच्या नेहमीच्या स्पेलिंगने टाकायची.)

आधी पाया पक्का करू. प्रत्येक प्रोग्राम संपताना ० ते २५५ मधला एक आकडा मागे ठेवून जातो, त्याला एक्झिट कोड म्हणतात. ० म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे काहीतरी बिनसलं. शेलमध्ये तो `$?` मध्ये मिळतो पण पुढची कमांड चालली की लगेच पुसला जातो, म्हणजे बघायची संधी एकदाच. काही आकडे तोंडपाठ असलेले बरे. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही, बहुतेकदा स्पेलिंग चुकलेलं असतं. १२६ म्हणजे सापडली पण चालवता येईना. आणि सिग्नलने (सिस्टिमने पाठवलेल्या इशाऱ्याने) मेलेला प्रोग्राम असेल तर १२८ मध्ये सिग्नलचा नंबर मिळवायचा, सेगफॉल्टचा (प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावून मरणं) सिग्नल ११ म्हणून १३९, तुटलेल्या पाइपचा १३ म्हणून १४१, आणि मेमरी संपल्यावर कर्नल ज्याने मारतो तो ९, म्हणून १३७, हा डॉकरवाल्यांच्या चांगलाच ओळखीचा.

आता शेलचा स्वभाव. शेल मुळात माणसाने समोर बसून एकेक कमांड टाकावी म्हणून बनलंय, एक फेल झाली तर एरर दाखवून ते पुढच्या कमांडची वाट बघत बसतं, कारण काय करायचं ते समोरचा माणूस ठरवणार. स्क्रिप्टमध्ये समोर कोणी नसतं पण शेलचा स्वभाव तोच राहतो. हे बघा:

`मेकडिर काम`
`सीपी नमुना काम/`
`./माझंटूल काम/नमुना`
`एको "टेस्ट झाली"`

यात पहिल्या तिन्ही ओळी फेल होऊ देत, चौथी चालणारच, एकोला फेल व्हायला कारणच नाही. आणि स्क्रिप्टचा एक्झिट कोड म्हणजे शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड, म्हणून ०, म्हणून सीआयवर हिरवी टिकमार्क. लॉगमध्ये एरर लाल अक्षरात पडलेली असते हो, पण हिरव्या बिल्डचा लॉग उघडून वाचतो कोण.

साखळी आणि ११७ ची गंमत

गिट २००५ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं आणि त्याच्या टेस्टचा सांगाडा गिट सांभाळणारे जुनिओ हमानो यांनी त्याच वर्षी उभा केला. आज तिथे हजाराच्या आसपास टेस्ट स्क्रिप्ट आहेत, जवळपास सगळ्या साध्या शेलमध्ये, बॅश हे जास्त सोयींचं शेलसुद्धा गृहीत न धरता. एक टेस्ट म्हणजे `टेस्ट_एक्स्पेक्ट_सक्सेस` या फंक्शनला दिलेलं नाव आणि त्यापुढे कमांडचा तुकडा. तुकड्यातल्या सगळ्या कमांड `&&` ने एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे पहिली पास झाली तरच दुसरी, दुसरी पास झाली तरच तिसरी, मध्ये कुठेही माशी शिंकली की पुढचं काही चालत नाही आणि अख्ख्या तुकड्याचा निकाल अपयश.

दिसायला सोपं आहे पण माणूस `&&` विसरतो. ओळीच्या शेवटी दोन अक्षरं राहिली की साखळी तिथे तुटली, त्या ओळीच्या आधीचं सगळं अपयश माफ, आणि टेस्ट तर पासच होतेय त्यामुळे कळायला काही मार्ग नाही. रिव्ह्यूमध्ये दिसलं तर दिसलं.

यावर २०१५ मध्ये जेफ किंग यांनी जो उपाय काढला तो मला जाम आवडतो. टेस्ट खरी चालवायच्या आधी तिच्या तुकड्याच्या पुढे `(एक्झिट ११७) &&` एवढंच चिकटवायचं आणि चालवून बघायचं. पहिलीच कमांड ११७ देऊन फेल होते, साखळी अखंड असेल तर पुढचं काहीच चालत नाही आणि अख्ख्या तुकड्याचा निकाल ११७ च येतो. पण मध्ये कुठे `&&` राहिलं असेल तर त्या खंडानंतरची कमांड चालून जाते, निकाल बदलतो, आणि ११७ सोडून दुसरं काही आलं म्हणजे इथे साखळी तुटलीय, बोंब मारा. ११७ च का, तर सहसा कुठली कमांड हा आकडा देत नाही म्हणून. शेलचा पार्सर वगैरे काही न लिहिता हजारो टेस्ट एका ओळीत तपासल्या गेल्या.

अर्थात याला मर्यादा आहे. कंसातला सबशेल (कमांडचा गट वेगळ्या शेलमध्ये चालवणं) असेल किंवा लूप असेल तर तो अख्खा एकच कडी धरला जातो, त्याच्या पोटात साखळी तुटलेली असली तरी ११७ ला पत्ता लागत नाही, कारण पोटात शिरायची वेळच येत नाही. त्यासाठी एरिक सनशाइन यांनी २०१८ मध्ये आधी चक्क सेडमध्ये (मजकुरात शोधून बदल करणारी छोटी कमांड) एक तपासनीस लिहिला, आणि २०२२ मध्ये तो बाजूला ठेवून पर्लमध्ये नवीन लिहिला जो शेलचा कोड नीट पार्स करून आतल्या आत बघतो. सेडमध्ये शेल समजून घ्यायचं धाडस ज्याने केलं त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

लूपचं वेगळं सांगायला हवं. `फॉर` लूपचा निकाल म्हणजे फक्त शेवटच्या फेरीचा निकाल. पाच फाइलींवर लूप फिरवला, दुसऱ्या फाइलीला कमांड फेल झाली, पाचवीला पास झाली, तर लूप पास. आत `&&` ची साखळी अगदी व्यवस्थित असली तरीही. म्हणून गिटच्या टेस्टमध्ये लूपच्या आतल्या साखळीला शेवटी `|| रिटर्न १` लावतात, म्हणजे फेल झालं की लगेच अपयश देऊन बाहेर (तिथे टेस्टचा तुकडा फंक्शनच्या आत चालतो म्हणून रिटर्न चालतं), आणि सबशेलच्या आत असेल तर `|| एक्झिट १`. दिसायला गबाळं दिसतं पण लावायचंच.

पाइप: जो शेवटी तोच खरा

सगळ्यात जास्त अपयश जिथे गडप होतं ती जागा म्हणजे पाइप, `|` लावून एका कमांडचं आउटपुट थेट पुढच्या कमांडला देणं. `गिट लॉग | ग्रेप फिक्स` असं लिहिलं की अख्ख्या ओळीचा निकाल म्हणजे ग्रेपचा (मजकुरात शब्द शोधणाऱ्या कमांडचा) निकाल. लोकल ट्रेनमध्ये मोटरमन बेशुद्ध पडलाय पण सगळ्यात मागच्या डब्यातल्या गार्डने "ऑल ओके" कळवलं म्हणून गाडी ठीक आहे असं धरायचं, तसला प्रकार. गिटने हवी ती ओळ छापली आणि त्यानंतर बाहेर पडताना मेमरीत काहीतरी गोंधळ होऊन सेगफॉल्ट खाल्ला, तरी ग्रेपला ओळ मिळालीय, टेस्ट पास. म्हणजे जे टूल तपासायला टेस्ट लिहिली ते मेलं आणि टेस्टला पत्ता नाही.

उपाय अगदी साधा, दोन ओळी करा:

`गिट लॉग >अ‍ॅक्च्युअल &&`
`ग्रेप फिक्स अ‍ॅक्च्युअल`

फाइलीत लिहून मग फाइल तपासायची. याचा जास्तीचा फायदा असा की टेस्ट फेल झाली तर ती फाइल तिथेच पडलेली असते, उघडून बघता येते नेमकं काय आउटपुट आलं होतं. आणि हे पाइपच्या डावीकडच्या बाजूपुरतंच आहे बरं का, `सेड ... | गिट हॅश-ऑब्जेक्ट ...` असं उलटं असेल तर गिट शेवटी आहे, त्याचा निकाल मिळतोय, सेड फेल होईल का याची काळजी आपण करत बसायची गरज नाही, सेड तपासणं आपलं काम नाही.

इथे कोणीतरी म्हणणारच की `सेट -ओ पाइपफेल` आहे की, मग एवढा खटाटोप कशाला. पाइपफेल लावलं की पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली तर अख्खी ओळ फेल, बरोबर आहे, आणि बॅशमध्ये लिहीत असाल तर जरूर लावा. पण दोन भानगडी. एक म्हणजे पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या मानकाच्या) नियमांत पाइपफेल यायला २०२४ साल उजाडावं लागलं. उबुंटूवर २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून साधं शेल म्हणजे डॅश, स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत साधं शेल मागितलं असेल तर बॅश मिळणार नाही, आणि जुन्या डॅशला पाइपफेल काय ते माहीतच नाही. दुसरी भानगड जास्त वाईट. `मोठीकमांड | ग्रेप -क्यू शब्द` असं लिहिलं तर ग्रेपला पहिला शब्द मिळाला की तो लगेच बाहेर पडतो, डावीकडची कमांड अजून लिहितेच आहे, तिला तुटलेल्या पाइपचा सिग्नल बसतो, ती १४१ ने मरते, आणि पाइपफेल म्हणतं फेल. खरं तर सगळं व्यवस्थित होतं! त्यात हे कधी होतं कधी होत नाही, कारण लिनक्सवर पाइपचा बफर सहसा ६४ केबीचा, आउटपुट त्यात मावलं तर डावी कमांड बिनबोभाट लिहून मोकळी होते, मोठं असलं किंवा टायमिंग जुळलं की मरते. मग टीममध्ये चर्चा सुरू होते की ही टेस्ट फ्लेकी आहे, रीरन करा. फाइलीत लिहा, दोन्ही कटकटी संपल्या.

सीआयवर तर हे खास बघायला हवं. गिटहब ॲक्शन्समध्ये लिनक्सवर तुम्ही शेल कुठलं ते लिहिलं नाही तर स्टेप `बॅश -ई` ने चालते (-ई म्हणजे कमांड फेल झाली की थांब, त्याबद्दल पुढे), म्हणजे पाइपफेल नाही. आणि `शेल: बॅश` असं स्वतः लिहिलं तर तेच बॅश `-ईओ पाइपफेल` सकट चालतं. एकच बॅश, नाव घेतलं तर कडक, नाही घेतलं तर ढिलं. त्यामुळे `मेक टेस्ट | टी लॉग` असली निरागस ओळ (लॉग स्क्रीनवरही हवा आणि फाइलीतही हवा म्हणून लोक लिहितात) पहिल्या प्रकारात नेहमी हिरवी, टेस्ट कितीही फुटू देत, कारण टी कधी फेल होतोय. डॉकरफाइलच्या `रन` ओळीचंही तसंच, ती साध्या शेलने चालते, कर्लने डाउनलोड करून पाइपमधून पुढे ढकलताना कर्ल मेलं तरी इमेज बनून मोकळी होऊ शकते.

डॉलर आणि कंस

पाइपच्या खालोखाल नंबर लागतो `$( )` चा, म्हणजे कमांडचं आउटपुट थेट दुसऱ्या कमांडच्या ओळीत टाकायचं. समजा टूलने कुठलीही फालतू फाइल मागे ठेवलेली नाही हे तपासायचंय, तर सहज हात लिहितो:

`टेस्ट -झेड "$(गिट एलएस-फाइल्स --अदर्स)"`

म्हणजे आउटपुट रिकामं असेल तर पास. आता गिट सुरू होताच कोसळलं तर आउटपुट काय? रिकामं. पास! कमांडचं नाव चुकीचं टाइप केलं तर? रिकामं. पास! दोन बाजूंची तुलना असेल तर आणखी मजा, डावीकडे `$(गिट कॅट-फाइल ...)`, उजवीकडेही तसंच, दोन्ही कोसळले तर रिकामं बरोबर रिकामं, म्हणजे समान, म्हणजे पास. जेवढं जास्त मोडेल तेवढी टेस्ट खुश.

इथेही फाइलीत लिहिणं हाच राजमार्ग, अपेक्षित आउटपुट एका फाइलीत, खरं आउटपुट दुसऱ्या फाइलीत, आणि गिटच्या `टेस्ट_सीएमपी` ने तुलना, फेल झालं तर डिफही (दोन्हींतला फरक) छापून मिळतो. ओळी मोजायच्या असतील तर `डब्ल्यूसी -एल` च्या पाइपऐवजी `टेस्ट_लाइन_काउंट`. व्हेरिएबलमध्येच घ्यायचं असेल तर `नाव=$(कमांड) &&` असं नुसतं साधं असाइनमेंट करा, त्यात कमांडचा एक्झिट कोड जिवंत राहतो. पण त्याच्या पुढे `लोकल` किंवा `एक्सपोर्ट` लावलं की संपलं, `लोकल नाव=$(कमांड)` याचा निकाल म्हणजे लोकल या कमांडचा निकाल, आणि लोकल नेहमी पास. आधी `लोकल नाव`, मग दुसऱ्या ओळीत असाइनमेंट. शेलचेक हे टूल ही चूक पकडून देतं, इशारा क्रमांक २१५५, एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा ते बसवायला हरकत नाही.

हे फक्त टेस्टपुरतं राहत नाही याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे लिनक्सवरचं स्टीम (गेम घेऊन खेळायचं ॲप), जानेवारी २०१५. त्याच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते `$(सीडी ... && एको ...)` अशा पद्धतीने काढून एका व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं. फोल्डर हलवलेलं असेल तर सीडी फेल, व्हेरिएबल रिकामं, आणि ते फेल झालंय हे कोणी बघितलंच नाही. पुढे कुठेतरी त्या व्हेरिएबलला स्लॅश आणि स्टार जोडून `आरएम -आरएफ` होतं. व्हेरिएबल रिकामं म्हणजे उरला नुसता स्लॅश आणि स्टार, म्हणजे मुळापासून जे जे पुसता येईल ते सगळं. लोकांच्या होम फोल्डरमधल्या फाइली गेल्या, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्याही. आणि त्या ओळीच्या वरच मूळ कोडमध्ये "भीतीदायक!" अशा अर्थाची कमेंट होती, लिहिणाऱ्याला वास आला होता म्हणजे.

फेल व्हायलाच हवं असेल तेव्हा

आता उलटी बाजू. चुकीचं इनपुट दिलं तर टूलने नकार द्यायला हवा, ही टेस्टही लिहावी लागतेच. सरळ उपाय म्हणजे पुढे उद्गारचिन्ह, `! गिट चेकआउट नसलेलीब्रांच`. फेल झालं तर पास. पण नम्रपणे एरर देऊन फेल होणं आणि सेगफॉल्ट होऊन मरणं यात फरक आहे की नाही? उद्गारचिन्हाला तो कळत नाही, त्याच्यासाठी १ आणि १३९ सारखेच, आणि कमांडचं स्पेलिंग चुकून १२७ आला तरी ते "वा, फेल झालं" म्हणून पास करतं.

म्हणून गिटमध्ये `टेस्ट_मस्ट_फेल` आहे. गिट स्वतःहून मोठी एरर देऊन बाहेर पडतं तेव्हा १२८ देतं, वापर चुकला की १२९, हे चालतात. त्याच्यापुढचे सिग्नलचे आकडे आणि १२७ चालत नाहीत, तिथे टेस्ट फेल. आणि नेमका आकडाच तपासायचा असेल तर `टेस्ट_एक्स्पेक्ट_कोड १ कमांड`. उलट ग्रेप, टेस्ट असल्या सिस्टिमच्या कमांडला मात्र साधं उद्गारचिन्हच लावायचं, ते कोसळतील या भीतीने टेस्ट लिहायला लागलो तर झालंच. आता तर `टेस्ट_मस्ट_फेल` ला गिटशिवाय दुसरी कमांड दिली तर तो बहुतेकदा नकारच देतो.

पण `! ग्रेप` मध्येही एक खोच आहे जी फार कमी लोकांच्या लक्षात येते. ग्रेपचे निकाल तीन आहेत, मिळालं तर ०, नाही मिळालं तर १, आणि काही घोटाळा झाला तर २. फाइलच अस्तित्वात नसेल तर २. मग `! ग्रेप पासवर्ड आउटपुट.लॉग` ही ओळ, जी लॉगमध्ये पासवर्ड गळत नाही ना हे तपासतेय, ती लॉगचं नाव बदललं त्या दिवसापासून कायम पास. अशी टेस्ट वर्षभर हिरवी राहू शकते आणि काहीही तपासत नसते. गिटच्या `टेस्ट_ग्रेप` मध्ये यासाठीच आधी फाइल आहे का ते बघतात, मग शोधतात. तुमच्याकडे तसलं काही नसेल तर आधीच्या ओळीत `टेस्ट -एफ आउटपुट.लॉग &&` टाका, काम झालं.

सेट -ई वर किती विश्वास ठेवायचा

इथपर्यंत वाचून ज्यांच्या मनात "वर `सेट -ई` लिहून टाका, विषय संपला" असं आलंय त्यांच्यासाठी हा भाग. सेट -ई म्हणजे कुठलीही कमांड फेल झाली की स्क्रिप्ट तिथेच थांबणार, असं लोक समजतात. थांबते, पण अपवादांची यादी एवढी आहे की नुसत्या त्यावर विसंबून टेस्ट लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

`इफ` किंवा `व्हाइल` च्या अटीत असलेली कमांड फेल झाली तर थांबत नाही, हे समजण्यासारखं आहे. उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळीला थांबत नाही, म्हणजे सेट -ई लावलेल्या स्क्रिप्टच्या मधल्या ओळीत `! ग्रेप एरर लॉग` लिहिलं तर ती ओळ टेस्टला कधीच, कधीच फेल करू शकत नाही, एरर सापडली तरी. ती ओळ निव्वळ शोभेची. आणि `क && ख` मध्ये क फेल झालं तरी थांबत नाही, फक्त शेवटचं ख फेल झालं तर थांबतं. म्हणजे साखळीची पद्धत आणि सेट -ई अर्धी अर्धी मिसळली तर दोन्हीकडून मार, साखळीतली पहिली कमांड फेल झाली, साखळी तिथे थांबली, आणि स्क्रिप्ट मजेत पुढच्या ओळीवर गेली.

सगळ्यात घातक प्रकार घरगुती टेस्ट रनरमध्ये असतो. प्रत्येक टेस्ट म्हणजे एक फंक्शन, आणि खाली लिहिलेलं असतं `इफ टेस्ट_लॉगिन, देन एको पास, एल्स एको फेल, फाय`. वर सेट -ई आहे. पण फंक्शन इफच्या अटीतून बोलावलं गेलंय, त्यामुळे त्या फंक्शनच्या आत, आणि त्याने बोलावलेल्या फंक्शनच्या आत, सगळीकडे सेट -ई निष्प्रभ. फंक्शनच्या आत पुन्हा सेट -ई लिहिलं तरी उपयोग नाही, सबशेलच्या कंसात टाकलं तरी नाही. परिणाम, फंक्शनची शेवटची ओळ काय म्हणते तेवढंच मोजलं जातं, आणि शेवटची ओळ बहुतेकदा काय असते तर टेम्पररी फोल्डर पुसणारं `आरएम -आरएफ`, जे नेहमी पास. यातून सुटायचं तर प्रत्येक टेस्ट वेगळ्या फाइलीत ठेवून `इफ बॅश -ई टेस्ट_लॉगिन` असं वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा, नवीन प्रोसेसला बाहेरच्या इफशी देणंघेणं नसतं.

साफसफाई शेवटच्या ओळीत न ठेवता `ट्रॅप` (स्क्रिप्ट संपताना आपोआप चालणारी कमांड) वर टाका, किंवा गिटवाल्यांचं `टेस्ट_व्हेन_फिनिश्ड` आहे तसं काहीतरी करा, ते टेस्ट पास होवो फेल होवो शेवटी चालतंच, आणि साफसफाईच फेल झाली तर टेस्टही फेल धरतं. मागे पाठवलेल्या कमांडचंही लक्षात ठेवा, `सर्व्हर &` याचा निकाल लगेच ० असतो, सर्व्हर खरोखर कसा संपला ते हवं असेल तर त्याचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) धरून `वेट` करावं लागतं.

बॅट्स (बॅशमध्ये टेस्ट लिहायचं टूल) वापरणाऱ्यांसाठी एवढंच की `रन कमांड` ही ओळ स्वतः कधी फेल होत नाही, ती एक्झिट कोड `स्टेटस` मध्ये ठेवून गप्प बसते. पुढे स्टेटस तपासलंच नाही तर रन म्हणजे अपयश लपवायची अधिकृत सोय. १.५.० पासून `रन -० कमांड` किंवा `रन ! कमांड` असं लिहून अपेक्षा तिथल्या तिथे सांगता येते, तेच लिहीत जा.

आणि `|| ट्रू`, म्हणजे कमांड फेल झाली तरी निकाल पास. हे दिसलं की मी तरी आधी विचारतो हे इथे का आहे. कधी कधी खरंच हवं असतं, एखादी प्रोसेस चालू असेल तर मारायची, नसेल तर सोडून द्यायचं. पण बऱ्याचदा ते कोणीतरी शुक्रवारी संध्याकाळी बिल्ड हिरवी व्हावी म्हणून टाकलेलं असतं आणि मग ते तिथेच राहतं. त्याच्या शेजारी `२>/डेव्ह/नल` पण असेल तर एक्झिट कोडही गेला आणि एरर मेसेजही गेला, पुरावा शून्य. ठेवायचंच असेल तर का ठेवलंय ते कमेंटमध्ये लिहा.

जुन्या टेस्ट तपासायच्या कशा

नवीन टेस्ट नीट लिहिता येतील, पण आधीच पडलेल्या शंभर टेस्टपैकी कुठल्या खोटं बोलतायत ते शोधायचं कसं? एक युक्ती सांगतो, फार सोपी आहे. ज्या टूलची टेस्ट आहे त्याच नावाची एक खोटी स्क्रिप्ट बनवा, आत एकच ओळ, `एक्झिट १३९`. ती ज्या फोल्डरमध्ये आहे ते पाथमध्ये (शेल कमांड जिथे शोधतं त्या फोल्डरांची यादी) सगळ्यात पुढे लावा (स्क्रिप्ट टूलला थेट `./` ने बोलावत असतील तर खरं टूल तात्पुरतं हलवून त्याच्या जागी ही ठेवा) आणि सगळ्या टेस्ट चालवा. टूल प्रत्येक वेळी सेगफॉल्ट झाल्यासारखं वागतंय, काहीही छापत नाहीये, म्हणजे एकूणएक टेस्ट लाल व्हायला हवी. १ च्या ऐवजी १३९ मुद्दाम, कारण १ दिला तर "फेल व्हायलाच हवं" वाल्या टेस्ट रीतसर हिरव्या राहतील, १३९ ला त्याही लाल व्हायला हव्यात. एवढं करूनही जी टेस्ट हिरवी राहिली ती टूलला विचारतच नाहीये, तिथे पाइप असेल, डॉलर-कंस असेल, नुसतं उद्गारचिन्ह असेल, नाहीतर इफच्या आतलं फंक्शन असेल. याने सगळं सापडत नाही, कारण टेस्टमध्ये टूल पाचदा बोलावलं असेल आणि त्यातली चार अपयशं गडप होऊन पाचवं पकडलं जात असेल तर टेस्ट लाल दिसते. तिथे मग एकेका कमांडच्या जागी `फॉल्स` (नेहमी फेल होणारी कमांड) टाकून बघावं लागतं, कंटाळवाणं काम आहे.

हे कंटाळवाणं काम शिकायची चांगली संधी मात्र आहे. गूगल समर ऑफ कोडला (ओपन सोर्स प्रोजेक्टवर काम करायचा गूगलचा कार्यक्रम, थोडक्यात जीसॉक) गिटमध्ये अर्ज करायचा तर आधी एक छोटं काम करून दाखवावं लागतं, आणि त्या छोट्या कामांच्या यादीत "टेस्टमध्ये गिटचा एक्झिट कोड दाबला जातोय तो दाबू नका" हे काम येत आलंय. आपल्याकडची इंजिनिअरिंगची पोरं दरवर्षी जीसॉकच्या मागे लागतातच, त्यांच्यापैकी कोणाला सुरुवात कुठून करू असा प्रश्न असेल तर ही जागा बरी आहे. एकच टेस्ट फाइल घ्यायची, अख्ख्या प्रोजेक्टवर फाइंड-रिप्लेस मारायचं नाही. गिट डावीकडे असलेले पाइप शोधायचे, दोन ओळी करायच्या, साखळी सांभाळायची, टेस्ट चालवायची. आणि पाइप काढल्यावर एखादी टेस्ट लाल झाली तर ती "दुरुस्त" करायला घाईने `|| ट्रू` लावू नका, आधी ती कमांड हाताने चालवून बघा, कदाचित ती कधीपासूनच फेल होत असेल.